अक्काची रोजची गोळी

आबा, मागच्या महिन्यात मी जळगावला जाऊन आले. एका कॉलेजने व्याख्यानाला बोलावलं होतं. मेंदूतल्या पेशी जिवंतपणी काम करताना कशा दिसतात, हे पोरांना दाखवायचं होतं. तुम्ही असता तर पहिल्या रांगेत बसला असता आणि व्याख्यान संपल्यावर सगळ्यांसमोर माझी एखादी चूक काढली असती. तुम्ही नव्हता म्हणून बरं वाटलं, असं मी स्टेशनवर उतरताना स्वतःशी म्हणत होते. परत निघाले तेव्हा मात्र तुम्ही समोर हवे होतात. मला तुम्हाला काही विचारायचं होतं, आणि या वेळी तोंडावर हात ठेवून कुणी मला गप्प करू शकलं नसतं.

पहूरच्या शाळेतलं ते पितळी सूक्ष्मदर्शक तुम्ही काचेच्या कपाटात कुलपात ठेवायचात. रविवारी शाळा रिकामी असली की मला घेऊन जायचात. कांद्याचा पापुद्रा, त्यावर आयोडिनचा थेंब. वाघूर नदीच्या डबक्यातलं पाणी बाटलीत भरून आणायचो आपण, आणि त्या थेंबात वळवळणारे जीव पाहताना मी श्वास घ्यायला विसरायचे. "दुसरा डोळा मिटू नकोस," तुम्ही म्हणायचात, "दोन्ही उघडे ठेवून बघायला शिक." सगळ्या गावात मुलीला असं शिकवणारा एकटा माझा बाप आहे, याचा मला केवढा ताठा होता! अक्का आपल्यासोबत कधी यायची नाही. ती आईबरोबर स्वयंपाकघरात असायची. हजेरी घेण्याआधी तुम्ही घसा खाकरायचात, त्याची हुबेहूब नक्कल ती करायची आणि आई पदर तोंडात कोंबून हसायची. माझी वेणी ती इतकी घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे. ओरडले की म्हणायची, "शास्त्रज्ञबाई, केस मोकळे सोडून कुठी निघाल्या?"

तिला पहिल्यांदा फिट आली ती सकाळ मला अजून दिसते. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापते आहे. मी उंबऱ्यात बसून पाठांतर करते आहे. थापण्याचा आवाज मध्येच थांबतो, मी मान वर करते, तर अक्का एका कुशीवर पडलेली, हात ताठ, डोळे वर गेलेले, तव्यावरची भाकरी जळते आहे. आई किंचाळते. शेजारची काकू चप्पल आणि फोडलेला कांदा घेऊन धावत येते आणि अक्काच्या नाकाला लावते. मी तुमच्याकडे बघते. मला खात्री असते की तुम्ही चप्पल हिसकावून फेकाल, काकूला चार शब्द सुनवाल, वर्गात अंधश्रद्धेवर बोलता तसे. तुम्ही उठता आणि दार लावून घेता. मग खिडकी. मग काकूला हात जोडता, "कुठे बोलू नका." अक्का शुद्धीवर आल्यावर विचारत होती, "मी काही बोलले का? काही वाईट बोलले का मी?" तिला वेदनेची भीती नव्हती. आपल्या तोंडून काहीतरी निघून गेलं असेल, एवढीच भीती. ती भीती तिने तुमच्याच चेहऱ्यावरून उचलली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

जामनेर जवळ होतं, पण तिथे तुमचे विद्यार्थी निघाले असते, म्हणून आपण एसटीने जळगावला गेलो. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी अक्काला तिचं नाव, शाळा, आवडीची भाजी असं सगळं विचारलं आणि मग तुम्हाला सांगितलं, "रोज एक गोळी. बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही. एकदम तर मुळीच नाही." मी तिथेच होते, आबा. तुम्ही मान डोलावली होती. आणि गोळीने गुण आला. अक्का पुन्हा नकला करायला लागली, तिला भरीत पुन्हा चांगलं जमायला लागलं, इतकं की आपल्याला वाटलं, झालं ते झालं.

धुळ्याचं स्थळ आलं, मुलगा सूतगिरणीत कामाला, घरात माणसं थोडी. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तुम्ही तिच्या पेटीतून गोळ्यांची पाकिटं काढून घेतलीत. मी दहावीत होते. मी म्हणाले, "डॉक्टरांनी बंद करू नका सांगितलंय." तुम्ही मला म्हणालात, "लग्नानंतर हे आपोआप थांबतं." विज्ञानाचा मास्तर! आठवीच्या पोरांना तुम्ही प्रयोग, निरीक्षण, निष्कर्ष शिकवायचात. हा निष्कर्ष कुठल्या प्रयोगातून काढलात, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. अक्का खाली मान घालून साड्यांच्या घड्या घालत होती.

पुढच्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला निरोप आला. घरामागच्या हौदावर कपडे धूत होती, पाय घसरून पाण्यात पडली, घरात कुणी नव्हतं. सगळ्यांनी तेच म्हटलं, पाय घसरला. दहाव्याला आपल्या ओट्यावर माणसं बसली होती, आणि मी सगळ्यांसमोर बोलले, "अक्काला फिट आली असेल." तुम्ही उठून आलात. मारलं नाहीत. माझ्या तोंडावर हात ठेवलात आणि दाबून म्हणालात, "मेलेल्या बहिणीला बदनाम करतेस? तोंड आवर." आई मागून म्हणाली, "आता बोलून काय फायदा व माय?" तुमच्या हाताला खडूचा वास होता. त्यानंतर आपल्या घरात अक्काचा विषय निघाला तो फक्त तिच्या फोटोला हार घालायच्या दिवशी.

मी शिकत गेले आणि तुम्ही शिकवत राहिलात, हे नाकारत नाही. आज मी ज्या खोलीत काम करते तिला काळे पडदे आहेत, कारण मोबाइलचा उजेडसुद्धा तिथे चालत नाही. उंदराच्या कवटीत काचेची बारीक खिडकी बसवलेली असते. डोळ्यांना न दिसणारा लेसर त्या खिडकीतून आत खोल जातो. पेशी काम करते तेव्हा तिच्यात कॅल्शियम शिरतं, आणि आम्ही त्या पेशींत असं एक प्रथिन आणून ठेवलेलं असतं, जे कॅल्शियम आलं की हिरवं चमकतं. उंदीर जागा असतो, मिशा हलवत असतो, आणि पडद्यावर त्याच्या पेशी एक इथे, एक तिथे लुकलुकतात. नीट चाललेला मेंदू असाच दिसतो, सगळ्या एकदम कधी बोलत नाहीत. फिट येते तेव्हा एका कोपऱ्यातून हिरवा उजेड सुरू होतो आणि आग पसरावी तसा पेशीमागून पेशी गिळत जातो. सगळ्या एकाच वेळी ओरडतात आणि मग एकदम काळोख. माझं काम आहे औषधाचं. औषध चालू असताना त्या पेशी कशा शांत असतात, आणि ते अचानक तोडलं की काय होतं, हे बघायचं. अचानक तोडलं की पहिल्यापेक्षा वाईट होतं, आबा. दबून राहिलेल्या पेशी जास्तच उसळतात.

जळगावला मी हीच फिल्म दाखवली. व्याख्यान संपलं, पोरं फोटो काढून गेली, आणि मागच्या रांगेतून एक पिकल्या केसांचा माणूस काठी टेकत पुढे आला. मी ओळखलं नाही. "मी धुळ्याचा," तो म्हणाला, आणि मग अक्काचं नाव घेतलं. भाऊजी. दुसऱ्या लग्नाची त्यांची मुलगी त्याच कॉलेजात शिकवते, तिनेच माझं नाव पाहून त्यांना आणलं होतं. माझ्याशी ते आधी शहरी मराठीत बोलत होते, तब्येत, प्रवास, चहा घेतला का. मग पडद्याकडे बोट करून थांबले आणि बोली बदलली. "ताई, गोळी बंद करी का आसंच व्हस का?"

मी म्हटलं, हो. अचानक केली तर होतं.

ते खुर्चीत बसले. काठी पायांत धरून खाली बघत म्हणाले, "आम्हले बठ्ठं माहीत व्हतं. तिनीच सांगेल व्हतं माले, पहिलाच महिनामा." अक्काने लग्नानंतर लगेच नवऱ्याला सगळं सांगून टाकलं होतं, आबा. आणि त्या गिरणीत काम करणाऱ्या माणसाने तिला टाकलं नाही, माहेरी धाडलं नाही, धुळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. गोळी परत सुरू झाली. ते सगळं वर्ष ती बरी होती. मग दिवाळीनंतर तुम्ही लेकीला भेटायला गेलात. फळीवर तुम्हाला पाकीट दिसलं. तुम्ही भाऊजींना बाजूला घेऊन बोललात. औषधाचं दुकान गल्लीतलंच, उद्या चारचौघांत होईल, पहूरपर्यंत जाईल, धाकटीचं लग्न अजून व्हायचंय. इतके दिवस फिट आली नाही म्हणजे ती बरी झाली. पाकीट खिशात घालून तुम्ही परत आलात.

"तुम्ही का ऐकलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. दारातून त्यांची मुलगी आत बघायला लागली.

"आबा मास्तर माणूस," ते म्हणाले. "माले वाटनं, तेस्ले जास्त समजस." पडद्याकडे बघत पुन्हा म्हणाले, "मंग ती पाय घसरीसन नही पडनी."

"नाही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. इतकी वर्षं त्यांनी स्वतःला एकच दोष दिला होता, की हौदाभोवतीचं शेवाळ आपण घासलं नाही. त्यांची मुलगी त्यांना हात देऊन घेऊन गेली. वळून त्यांनी मला नमस्कार केला, मला, आणि मला तिथे उभं राहवेना.

म्हणजे ते माझ्यासाठी होतं. आजवर मी समजत होते की तुम्ही तुमची अब्रू सांभाळलीत, आणि त्या रागावर माझं नीट चाललं होतं. आता कळतं की अक्काची गोळी तुम्ही माझ्या नावाने काढून घेतलीत. मला कुणी विचारलं नाही. आणि ज्या लग्नासाठी हे केलंत ते मी केलंच नाही. आलेल्या एकेका स्थळाला तोंडावर नाही म्हटलं, आणि तुम्ही म्हणायचात, हिला शिकवून चूक झाली. तुमच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात मी उशाशी बसले होते, तेव्हा तुम्ही काय विचारलंत आठवतं? "तुझ्या त्या यंत्राला भिंग कुठल्या जातीचं बसवतात गं?" मी सांगितलं, तुम्ही डोळे मिटून ऐकलंत, आणखी दोन प्रश्न विचारलेत, चांगले प्रश्न. मी वाट बघत होते की आता अक्काचं काढाल. तुम्ही पाणी मागितलंत.

पहूरचं घर आता दुसऱ्यांचं आहे, तिथे तुमच्या नावाने टपाल आलं तर ते परत पाठवतील. मी पाठवणारही नाही. तुम्हाला माफ केलं, असं लिहायला बसले नव्हते आणि लिहीतही नाही. फक्त एक सांगून थांबते, कारण ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. फिट पेशीपेशीतून सरकत जाताना पहिल्यांदा स्वच्छ दिसली, त्या दुपारी खोलीत मी एकटी होते. कुणालाही वाटेल, तेव्हा मला माझी बहीण आठवली असेल. ती आठवली, पण नंतर. आधी मनात आलं ते असं, की हे आबांना दाखवायला हवं.