थंडीत गाडी जास्त पेट्रोल पिते

हम्मूदादा,

इत्तोवहिनीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्यात. तुझा फोन लागेना, म्हणून तुझी मोटरसायकल घेऊन तिला मिदेल्तच्या दवाखान्यात नेतेय.

"पेट्रोल जातं कुठं? भटकतेस कुठं?" म्हणून काल ओरडलास. मी कुठंच भटकत नाही रे. थंडीत इंजिन तापायला वेळ लागतो, तोवर ते जास्त पितं. चाकांतली हवाही उतरते, मग गाडी जड चालते. टाकीत आहे एवढ्या पेट्रोलात उन्हाळ्यात मिदेल्त गाठता येतं, आज घाटातच संपेल.

मोहाकाका बाजारातून आले की त्यांचा टेम्पो घे, पेट्रोलचा कॅन घे आणि मागे ये. मोटरसायकल रस्त्याकडेला दिसली, तर पुढे जाऊ नकोस. आम्ही जवळच आडोशाला असू.

वहिनी सारखं तुझंच नाव घेतेय.

तूदा