पाखरासाठी जागा

प्रिय सरकार,

रोज फोनवर बोलतो आणि तरी हे पत्राचं खूळ कुठून शिरलं, म्हणून हसशील. फोनवर तू "बघू" म्हणतेस आणि लगेच विषय लेकीच्या, आपल्या पाखराच्या, जेवणावर नेतेस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तोंड त्याहून जास्त. सलूनमध्ये नवा आरसा बसवलाय. त्यात गिऱ्हाइकं बारीक दिसतात, त्यामुळे धंदा तेजीत आहे. मागच्या खेपेला तुमच्याकडे आलो तेव्हा पाखराने माझ्या मांडीवर बसून माझे केस विंचरले आणि तेवढ्यात मी तिचे कापले, आठवतं ना? कात्रीच्या आवाजाला ती आता पूर्वीसारखी कान झाकत नाही. माझा भांग मात्र तिने असा काही पाडला की परतीच्या गाडीत लोक वळून वळून बघत होते.

परवा सलून बंद करून इथल्या शाळेत जाऊन आलो. पाखरू पाच वर्षांची झाली तेव्हा आपण दोघं तिला घेऊन तिथल्या मोठ्या बाईंकडे गेलो होतो. विशेष मुलांसाठी तिथे एकच खोली, तीही गच्च भरलेली. बाईंचाच चेहरा पडला होता. "घ्यायला मला आवडेल हो, पण हिला बसवू कुठं?" तू तिथे रडली नाहीस. घरी येऊन माळ्यावरची बॅग काढलीस, धूळ पुसलीस आणि म्हणालीस, "जिथे जागा आहे तिथे मी हिला घेऊन जाते. तू आईंना सांभाळ." चार वर्षं झाली. तुझ्यामुळे आज लेक चित्रावर बोट ठेवून पाणी मागते. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं होतं. तुला वाटलं, मला उकडतंय.

तर बातमी अशी, की शाळेशेजारचा बंद छापखाना विशेष मुलांसाठी शाळेला मिळाला. सगळं सरळ झालं असं समजू नकोस. पालकांची सभा झाली, सभेला मीही गेलो. आपला टायरवाला उठला आणि म्हणाला, "एका खोलीपुरतं ठीक होतं. आता अख्खी इमारत त्यांची! आरडाओरडा होणार, गोंधळ होणार, आमच्या पोरांनी शिकायचं कसं?" बऱ्याच माना हलल्या. मी काही बोलायला गेलो नव्हतो. चारचौघांत माझी बोबडी वळते, तुला ठाऊक आहे. पण उभा राहिलो खरा. म्हटलं, "गोंधळ होतो, खोटं कशाला बोलू? माझी मुलगी दिवसभर डबे वाजवायची. जागा नाही म्हणून ती आईबरोबर परगावी गेली. आता माझ्या घरात अजिबात गोंधळ नाही. ती शांतता खायला उठते, म्हणून माझी आई दिवसभर रेडिओ लावून ठेवते." एवढं बोलून बसलो.

दुसऱ्या दिवशी टायरवाला दाढीला आला. गळ्याशी वस्तरा असला की माणूस फार समजूतदार होतो म्हणा, पण हा मनापासून बोलला. "मला वाटायचं, बायको तुझ्यावर रुसून गेलीय." मग उठून गाल पुसत, "मुलांना झोके लागतील ना? जुने टायर पडलेत माझ्याकडे." गेल्या आठवड्यात त्याने स्वतः ते धुऊन, रंगवून अंगणात टांगले.

छापखान्याच्या आता चार खोल्या झाल्यात. फरशीवर मऊ गाद्या आहेत, हात धुवायची बेसिनं मुलांच्या कमरेएवढी. एका खोलीत फक्त गप्प बसायचं, कुणाला गलका सोसवेनासा झाला की. तीन नव्या शिक्षिका आल्यात. मोठ्या बाईंनी मला हाताला धरून सगळं दाखवलं आणि म्हणाल्या, "पहिली आठवण तुमच्या लेकीची झाली. तिची जागा धरून ठेवलीय."

मी अजून हो म्हटलेलं नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. इथून जाताना कुणी तुला विचारलं नव्हतं, परिस्थितीने ढकललं. आता परत ये म्हणून मीही ढकलणार नाही. तिथे तुझं काम आहे, मैत्रिणी आहेत, पाखराच्या हाताला तिच्या बाईंचा हात सवयीचा झालाय. सुट्टीत दोघी या. तिला त्या खोल्यांत मनसोक्त फिरू दे. रमली तर राहा. नाही रमली, तर तुमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला एक खुर्ची भाड्याने द्यायची आहे. मागच्या खेपेला मी त्याच्याशी बोलून ठेवलंय, तुला सांगितलं नाही एवढंच. आईलाही विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारतोस? गाडीत खिडकीची जागा तेवढी दे." तेव्हा गाव कुठलं ते पाखरू ठरवेल. यापुढे आपण चौघं एकाच घरात राहायचं, एवढं मात्र मी ठरवलंय.

गाडीची वेळ कळव. स्टेशनवर मी आधीच येऊन उभा असेन.

तुझाच,
भांग बिघडलेला नवरा