निकेलच्या पुंगळ्या

जव्हार, रविवार संध्याकाळ

जीव थाऱ्यावर नाही. सुमाच्या परवा होणाऱ्या नेमबाजी स्पर्धेसाठी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायला घेतल्या, तर निकेलचा मुलामा असलेल्या एकीच्या तोंडाशी केसाएवढी चीर. मग दुसरीलाही. तितक्याच वेळा वापरलेल्या पितळी पुंगळ्या काळवंडल्यात, पण शाबूत आहेत. निकेल इथल्या दमट हवेत चकचकीत राहतं, म्हणून मीच तिला त्या घ्यायला लावल्या ना?

"आई, निकेलच्या बाकीच्या भर. माझा हात त्यांच्यावरच बसलाय," सुमा म्हणाली.

"आणि ऐन स्पर्धेत चिरली तर?"

"पितळीवर हरले तर?"

चीर बारीकच आहे, पण डोळ्यांपुढून हलत नाही. निकेलच्या सगळ्या पुंगळ्या हातोडीने चेपून टाकल्या. सुमा जेवायलाही आली नाही. हरली तर मला बोल लावेल. लावू दे.