नखाएवढ्या आरशावर कुंकू

सोनई, खंडेनवमी, १९९६

डोकं फिरलंय नुसतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा केली आणि प्राचार्यांनी माझ्या नखाएवढ्या आरशालाच कुंकवाचं बोट लावलं! अशा दोन आरशांमध्ये प्रकाश कोंडायचा, मधल्या अणूशी त्याची झटापट होऊ द्यायची, म्हणजे कुठलाच दिवा देत नाही असा प्रकाश मिळतो. त्यासाठी मी त्या आरशावर श्वाससुद्धा पडू देत नव्हते. आणि ते कुंकवाचं बोट! "आरसाच हाय ना मॅडम," म्हणाले आणि उपरण्याने खसाखसा पुसला. चरेच चरे. वर मी प्रसादाचा पेढाही खाल्ला. का खाल्ला? उद्या ते सोनं द्यायला येतील. आपट्याच्या पानाऐवजी तोच आरसा त्यांच्या हातावर ठेवणार. मावेल तेवढं तोंड बघा म्हणावं!