सीमेवर अडलेलं सोयाबीन

मु. पो. गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली

घाण्याचे उस्ताद आणि आमचे जिवाभावाचे दोस्त खाजाभाई यांना भीमराज खिल्लारेचा जयभीम आणि सलाम.

हाजराबी भाबींच्या गुडघेदुखीला उतार पडला असेल अशी आशा करतो. मुबश्शीरला आणि सूनबाईला आशीर्वाद. लेकाकडं हैदराबादची हवा मानवून राहिली असं तुमी सांगता, पण आवाजावरून तसं वाटत न्हाई. (फोनवर तुमी "बराबर, बराबर" म्हणता आणि ठेवून देता. म्हणून हे पत्र. पोस्टमनकीत जन्म गेला, सगळ्या गावाची पत्रं वाटली, आता एखादं आपलंही टाकावं म्हटलं.) इकडं आमी खुशाल. रुक्माबाईची तब्येत चांगली आहे, म्हंजे बोलणं जोरात चालू आहे.

खाजाभाई, तुमचा घाणा बंद झाल्यापासून बाजाराच्या त्या कोपऱ्यावरून जाताना पाय उगीच हळू होतात. आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. लहानपणी बाजाराच्या दिवशी आपण घाण्याजवळ घुटमळायचो अन् तुमचे अब्बा गरम पेंडीचा तुकडा आणि वर गुळाचा खडा हातावर ठेवायचे, ते अजून डोळ्यांपुढं येतं. (तुमाला मोठा खडा मिळायचा. मी तेव्हाही बघत होतो.) करडी आपल्या गावच्या जळबाच्या रानातली, घाणा तुमचा, फोडणी आमच्या घरात. तेल कुठून आलं हे विचारायचं कारणच नव्हतं, कारण जळबा तिथंच बिडी ओढत बसलेला असायचा. पुढं सगळ्या शिवारात सोयाबीन आलं, दुकानात पाकिटं आली, आणि करडी दिसायची बंद झाली. ते सगळं तुमाला मी काय सांगू.

तर यंदा घरच्या रानातलं सोयाबीन मोंढ्यात नेलं, आणि अडत्यानं भाव असा सांगितला की मला वाटलं चुकून मागच्या जमान्यातला सांगितला. मी विचारलं, भाव काहून पडला? तो म्हणाला, "मामा, नेपाळातून सोयाबीनचं तेल येऊन राहिलं. शेजारी देशांचा करार आहे, त्याला जकात न्हाई. मग आपला भाव कसा चढंल?" मी घरी आलो तरी डोक्यात तेच. नेपाळ म्हंजे बर्फाचे डोंगर. (शाळेत गुरुजींनी तेवढंच शिकवलं होतं.) तिथं सोयाबीन पिकतं कुठं?

त्याच महिन्यात आपल्या भागातून लुंबिनीला बस निघाली. तथागतांचं जन्मस्थान बघावं ही रुक्माबाईची फार दिवसांची इच्छा, आणि माझीही, हे मनापासून लिहितो. पण मनाच्या एका कोपऱ्यात सोयाबीन होतं. त्यांचं पीक बघावं, आपल्याशी ताडून पाहावं, म्हणून एक पिशवीभर दाणे नमुन्याला बरोबर घेतले. रुक्माबाईला सांगितलं, औषध आहे.

बिहारातली बुद्धस्थळं बघून तिथल्याच सीमेवर बस थांबली. बाया आधी पलीकडं गेल्या. मी पाहतो तर समोरून नेपाळातून टँकरमागून टँकर येऊन राहिले, सगळे तेलाचे. मला राहवलं न्हाई. एका टँकरच्या पायरीवर चढलो आणि ड्रायव्हरला आपल्या शुद्ध हिंदीत विचारलं, "भय्या, तुमारे उधर सोयाबीन किधर पिकता?" (हसू नका. तुमी सोबत असते तर तुमीच विचारलं असतं.) त्याचं उत्तर यायच्या आत शिपायानं शिट्टी मारली, मला खाली उतरवलं, बाकड्यावर बसवलं आणि पिशवी उघडली. जकातीचे साहेब आले. म्हणाले, हे बियाणं आहे, याला कीड-रोग न्हाई असा कागद पायजे, त्याशिवाय देशाबाहेर जाणार न्हाई.

मी म्हणालो, "साहेब, टँकरच्या टँकर सोडून राहिले आणि माझी एवढीशी पिशवी अडवून राहिले?"

साहेब शांतपणे म्हणाले, "टँकरला करार आहे. तुमच्या पिशवीला नाही."

आता पंचाईत बघा. माझं आधार कार्ड रुक्माबाईच्या पर्समध्ये, पर्स नेपाळात, आणि मी बाकड्यावर भारतात. पलीकडून ती सगळ्या जगाला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो, तिथं काहून बसले? आणि ते औषध सांडून राहिलं ना!"

तेवढ्यात तो ड्रायव्हर हसत हसत आला. डंबर बहादूर त्याचं नाव. पिशवीत हात घालून म्हणाला, अरे, हे तर आमचं भटमास! त्याच्या गावी आई भाताच्या बांधावर थोडं लावते, विकायला न्हाई, खायला. त्यानं पिशवी उचलली, शेजारच्या चहाच्या टपरीवर दाणे खमंग भाजून घेतले, त्यात कांदा, मिरची, मीठ, लिंबू घातलं आणि पहिली मूठ साहेबांपुढं धरली. साहेबांनी खाल्ली. मग म्हणाले, "पोटातून न्यायला कागद लागत नाही." शिपायानंही खाल्ली. खाजाभाई, आपण इतकी वर्षं सोयाबीन पेरलं, कापलं, विकलं, पण भाजून तोंडात टाकावं हे कधी सुचलं न्हाई. मी माझ्या वाटणीचा कागदाचा पुडा हातात धरून उभा होतो आणि मला एकदम तुमचे अब्बा आठवले. डोळ्यांत पाणी आलं. डंबरला वाटलं मिरची लागली, त्यानं चहा मागवला.

मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. सोयाबीनचं कच्चं तेल सातासमुद्रापलीकडून कलकत्त्याच्या बंदरात येतं, आपल्याच रस्त्यानं नेपाळात जातं, तिथं साफ होतं, आणि नेपाळी होऊन परत आपल्याच रस्त्यानं इकडं येतं. मला राग आला. मी म्हणालो, हे काही बराबर न्हाई. तो म्हणाला, "असेल चाचा. पण मी आधी कतारला कामाला होतो. सुट्टीत घरी गेलो तर लेकरू मला बघून आईच्या मागं लपलं. हा तेलाचा कारखाना निघाला म्हणून आता दर आठवड्याला घरी जातो, ते लेकरू माझ्या खांद्यावर बसतं."

कारखाना बंद पडावा असं म्हणवेना, आणि मोंढ्यातला भावही विसरवेना. आमी दोघं बाकड्यावर बसून दाणे खात राहिलो. शेवटी रुक्माबाईच कार्ड घेऊन परत आली आणि मला नेपाळात घेऊन गेली. लुंबिनीपर्यंत ती खिडकीकडं तोंड करून बसली. तिथं झाडाखाली बसल्यावर मात्र म्हणाली, "खाजाभाई असते तर तुमाला पायरीवर चढू दिलं नसतं." मी म्हणालो, माझ्याआधी तेच चढले असते.

गावी आल्यावर सोयाबीन त्याच भावात गेलं. जळबाला भाजलेले दाणे दिले तर म्हणाला, "खायला ब्येस आहे, पण पोतं कोण खाणार?"

भाबींना सलाम सांगा. गुडघ्याला जपायला सांगा. कळावे.

तुमचा,
भीमराज

ता. क. रुक्माबाईनं पत्र वाचून घेतलं. ती म्हणते, टँकर इतके नव्हते, आणि रडायला मिरचीच कारण होती. तिचं म्हणणं नोंदवलं आहे.

ता. क. दुसरा. खरं काम राहूनच गेलं. डंबरला मी सहकुटुंब गोरेगावला बोलावलं आहे. माझी हिंदी तुमाला माहीत आहे. मी त्याला सांगितलं, आमचे खाजाभाई शेजारीच राहतात, ते बोलतील तुझ्याशी. तुमी गाव सोडून गेलात हे माझ्या तोंडातून निघालंच न्हाई. तरी तो यायच्या आत भाबींना घेऊन महिनाभर राहायला या. आमची पुढची खोली सारवून ठेवली आहे.

ता. क. तिसरा. रुक्माबाई म्हणते, खरं ते लिहा. तो फक्त "बघू चाचा" म्हणाला. त्याचं येणं काही नक्की न्हाई. तुमी मात्र या.