रेषेवर उभा असलेला मामा

ती. अक्कास, धाकट्या भावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या मनगटाला बँडेज आहे, तेव्हा जोडलेत असं समजून घे. कारण पुढे येईल.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला का, की ते अजून ‘आपोआप जाईल’ याच मतावर ठाम आहेत? इकडे माझं ठीक चाललंय. म्हणजे जेवतो, झोपतो, दुकान उघडतो. फक्त आरशात बघवत नाही, आणि चष्म्याच्या दुकानात भिंतभर आरसेच असल्यामुळे फार पंचाईत होते.

हे पत्र तुझ्या लेकीच्याच हाती पाठवतोय. भिंगरी शनिवारच्या गाडीनं तुझ्याकडे येतेय हे तिनं फोनवर सांगितलंच असेल. का येतेय ते सांगितलं नसेल. (तिच्या हाती पत्र देणं म्हणजे मांजरीला दुधाची राखण करायला बसवणं, हे मला ठाऊक आहे. मला आलेलं नकाराचं पत्र तिनं वाफेवर उघडून शेजारणीला वाचून दाखवलं होतं, तेव्हा ती जेमतेम दुसरीत होती. ही विद्या तिनं तुझ्याकडूनच घेतली. या खेपेला पाकीट घट्ट चिकटवणार आहे.)

तू तिला माझ्याकडे ठेवलीस तेव्हा ‘पोरीवर लक्ष ठेव’ एवढंच म्हणाली होतीस. ती औषधांच्या दुकानातलं काम संपलं की रग्बी खेळायला जायला लागली, म्हणून मी लक्ष ठेवायला मैदानावर जाऊन उभा राहिलो. आता हौशी क्लबात नुसत्या उभ्या असलेल्या माणसाला कुणी उभं राहू देत नाही. आधी माझ्याकडून पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या, मग मध्यंतराची संत्री सोलून घेतली, मग चिखलानं माखलेले सदरे घरी नेऊन धुवायला लावले. (वॉशिंग मशीननं चार धुण्यांत राम म्हटला.) पुढे जुने प्रशिक्षक लेकीकडे परदेशी गेले, आणि क्लबचे सेक्रेटरी, म्हणजे आमच्या गल्लीतले नळदुरुस्तीवाले, थेट दुकानात आले. म्हणाले, तुम्ही कडेला उभे राहून एवढं बोंबलता, म्हणजे तुम्हाला काहीतरी कळत असणारच. मी नाही म्हणायला हवं होतं गं. पण आपल्याला काही कळतं असं कुणाला तरी वाटण्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात कधी आलाच नव्हता. विरघळलो.

खेळ तसा सोपा आहे. चेंडू घेऊन पुढे पळायचं, पण टाकायचा मात्र मागे. (आपल्या घरात कामं अशीच होतात, म्हणून मला वाटलं जमेल.) पहिल्या सरावाला मी जीव तोडून ‘पुढे टाका, पुढे टाका’ असं ओरडत होतो, आणि पोरी इतक्या सालस की आठवडाभर त्यांना हा काही गुप्त डावपेचच वाटला. मग अंगावर येणाऱ्या खेळाडूला कमरेत धरून कसं पाडायचं ते दाखवायला गेलो. आमची कप्तान घरसामान हलवणाऱ्या कंपनीत आहे, फ्रीज एकटी उचलते. मी तिला म्हटलं, ये अंगावर. ती आली. चष्मा गोलच्या खांबापाशी सापडला, मी थोडा अलीकडे. तरी त्यांनी मला काढलं नाही. उलट पुढच्या सरावाला कुणीतरी माझ्यासाठी घडीची खुर्ची आणली. इतक्या चांगल्या माणसांशी मी जे केलं ते आता सांगतो. मन घट्ट कर.

गेल्या रविवारी मोसमातला शेवटचा सामना होता, नदीपलीकडच्या क्लबाशी. मी प्रशिक्षक झाल्यापासून आम्ही एकही सामना जिंकलेला नाही. (माझ्या आधीही फारसे जिंकले नव्हते, पण तेव्हा निदान दोष द्यायला मी नव्हतो.) इथे पद्धत अशी की दोन्ही बाजूंच्या रेषांवर निशाण घेऊन उभं राहायला दोन्ही क्लबांनी आपापला एकेक माणूस द्यायचा. चेंडू घेतलेल्या खेळाडूचा पाय रेषेला लागला की निशाण वर करायचं, म्हणजे ती बाद, खेळ थांबला. एरवी हे काम नळदुरुस्तीवाले करतात, पण त्यांची कंबर धरली होती. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. चष्मेवाला माणूस, ह्याच्याइतकी नजर कुणाची? निशाण माझ्या हातात आलं.

खेळ संपत आला होता आणि आम्ही थोडक्यात मागे होतो. चेंडू एकीकडून दुसरीकडे असा मागे मागे येत भिंगरीच्या हातात पडला आणि ती माझ्या कडेनं सुटली. अक्का, तू तिला चालताना पाहिलीयस, भांडताना पाहिलीयस, पळताना नाही पाहिलीस. एकीला चकवलं, दुसरीचा हात झटकला, आणि समोर कुणीच नाही! माझ्यापासून हातभर अंतरावरून ती गेली. पाय रेषेच्या चांगला वीतभर आत. मी इतका जवळ होतो की तिच्या बुटांवरचा चिखल माझ्या तोंडावर उडाला. आणि माझं भान गेलं. ‘शाब्बास पोरी’ असं ओरडून मी दोन्ही हात वर करून उडी मारली.

हातात निशाण होतं.

शिट्टी वाजली. तोवर भिंगरी शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून (गुण त्याचेच मिळतात) दोन्ही हात पसरून उभी राहिली होती. पंच माझ्याकडे चालत आले. सभ्य माणूस, कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवतात. त्यांनी हळूच विचारलं, पाय रेषेला लागला होता ना? एवढंच विचारलं. ‘नाही हो, मी आनंदानं नाचत होतो’ एवढंच मला म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर गुण मिळाले असते, आम्ही जिंकलो असतो. पण दोन्ही क्लबांचे लोक बघत होते. प्रशिक्षक, चष्मेवाला, आणि माकडासारखा उड्या मारत होता असं सगळीकडे झालं असतं. मी म्हणालो, हो, लागला होता.

लाज वाटते गं. लिहितानासुद्धा कान तापलेत.

आणि पुढचं तर त्याहून वाईट. मला वाटलं शिव्या पडतील. शिव्या पडल्या असत्या तर मी दोन दिवसांत सावरलो असतो. झालं उलटंच! नळदुरुस्तीवाल्यांनी चहाच्या वेळी खुर्चीवर उभं राहून, कंबर धरलेली असताना, भाषण केलं की सख्खी भाची असून या माणसानं निशाण वर केलं, असा खरेपणा आता कुठे राहिलाय. नदीपलीकडच्या कप्ताननं कौतुकानं माझा हात इतका हलवला की मनगट मुरगळलं. (बँडेज ते हेच.) वर चहाचा एक मग भेट दिला, त्यावर ‘खेळाडू वृत्ती’ असं लिहिलंय. तो मी दुकानात भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, तर गिऱ्हाइकं येऊन स्वतः सरळ करून जातात. या आठवड्यात कधी नव्हे इतके चष्मे खपले. लोक म्हणतात, तुमच्या नंबर काढण्यावर विश्वास आहे.

भिंगरीनं मात्र प्रत्येकीची माफी मागितली. बाकीच्या म्हणत होत्या, अगं होतं असं, पण ही ऐकेना. सगळ्यांचे सदरे आणून माझ्या मोरीत हातानं धुतले, बूट खिळ्याला टांगले आणि म्हणाली, मामा, मला स्वतःचा पायही कळत नाही, मी कशाला खेळू. मी सांगायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, तू खरं बोललास तेच बरं झालं, खोटं जिंकून मला आवडलं नसतं. आता बोल. यानंतर माणसानं काय सांगायचं? मी म्हटलं, चहा घेतेस का?

तेव्हा अक्का, ती आली की तिला चार दिवस जेवूखाऊ घाल, आणि खेळ सोडू नकोस असं समजावून परत पाठव. तुझं ऐकेल. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मान खाली घातलेला धाकटा

ता. क. समजावताना माझं नाव मधे आणू नकोस. पाय रेषेत होता की बाहेर, या खोलात न शिरता मोघम समजाव. हे पत्र वाचलं की चुलीत घाल.

ता. क. २. वरचा ता. क. पुन्हा वाचला. एवढं भित्रं वाक्य आपल्या घराण्यात आजवर कुणी लिहिलं नसेल. तो रद्द समज.

ता. क. ३. भिंगरे, तू इथवर वाचत आली आहेस हे मला माहीत आहे. पाकिटाला मी डिंक लावलाच नव्हता. तुझा पाय आत होता. चूक मी केली आणि तुझ्या माथी मारली. तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून आईच्या नावानं तुलाच लिहिलं. गाडी सुटली नसेल तर उतर. तू ये किंवा न ये, आज संध्याकाळच्या सरावाला मी सगळ्यांसमोर हे सांगणार आहे, पंचांनाही बोलावलंय, आणि तो भेटीचा मग परत करणार आहे. बॅगेत बूट शोधू नकोस, ते खिळ्यावरही नाहीत. तुझा पाय जिथे पडला होता तिथे मैदानावर ठेवलेत. तिथून रेषा किती लांब आहे ते स्वतः येऊन बघ. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नकोस.