कम्प्युटर अजून बंदच आहे

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कम्प्युटर भिजला! टिनाचं छप्पर नेमकं त्याच्याच डोक्यावर गळलं. तीन खोल्या, एक माणूस, एवढी रिकामी जागा – पण पाण्याला टेबलच सापडलं. नशीब, तेव्हा तो बंद होता. सीपीयूचा डबा तिरपा केला तर पेलाभर पाणी निघालं.

स्कूटरवर घालून हायवेवरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं झाकण न उघडता निदान केलं – "मदरबोर्ड गेला, सर. नवीन घेऊन टाका." आमच्या लाखनीतले डॉक्टरसुद्धा निदान नाडीला हात लावतात.

१३ सप्टेंबर, शनिवार

शेजारचे यादोराव आले. चहा पिऊन झाल्यावर सल्ला – "लेखकसाहेब, मोबाईल भिजला का लोकं तांदळात ठेवतेत ना? हा तं केवढा मोठा! याले धानातच ठेवा लागन. फोलासगट धान जास्त पानी ओढते."

पंचवीसेक वर्षं मी साप्ताहिकात लोकांच्या अकलेवर सदर लिहितो आहे. आणि मला हे पटलं! दोघांनी मिळून डबा त्यांच्या धान साठवायच्या बांबूच्या ढोलीत, गेल्या सालच्या धानात, पार पुरला. यादोरावांनी वरून दोन टोपल्या आणखी ओतल्या. मग दोघंही हात झटकत, मान खाली घालून जरा वेळ उभे राहिलो. माती देऊन आल्यासारखे.

१४ सप्टेंबर, रविवार

मनालीचा पुण्याहून फोन. दर रविवारचा. तिची आई – रुपा – गेल्यापासून बापलेकीच्या बोलण्याचा साचा बनला आहे. जेवले का? बीपीची गोळी घेतली? ठेवते.

आज मध्येच म्हणाली, "सदर पाठवलं का या आठवड्याचं?"

"कशावर लिहू? कम्प्युटर धानात आहे."

"कशात?"

"यादोरावांच्या ढोलीत. सुकायला."

आणि ती हसली! अशी हसली की मोबाईल कानापासून दूर धरावा लागला. तिच्या ऑफिसातल्या सगळ्या मशिनी तीच सांभाळते – आणि बाप कम्प्युटर धानात पुरून बसला! "बाबा, कोंडा भरला असन न त्याच्यात! आधी बाहेर काढा! उद्या संध्याकाळी फोन करते, मी सांगते तसं करा."

सोमवारी फोन!

१५ सप्टेंबर, सोमवार

झाकण उघडलं. आत धानाचं पीकच. पंख्यात धान, तारांमध्ये धान, मदरबोर्डावर कोंड्याची साय. मनाली व्हिडिओवर. "ब्रश घ्या. दाताचा नाही हो बाबा, रंगाचा! हळू. फुंकू नका, थुंकी उडते." सगळं साफ केलं, बटण दाबलं – तीनदा पीं पीं पीं. पडदा काळा. "रॅम आहे. ती हिरवी पट्टी. काढा, आणि तिचे पिवळे दात खोडरबरानं घासा."

या घरात खोडरबर कुठून येणार?

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुकानात खोडरबर मागितलं. दुकानदार – "कितवीत हाये पोरगं?"

म्हटलं, "बावन्नावीत."

१७ सप्टेंबर, बुधवार

दुपारी पट्टी घासली, खाचेत दाबली, टक् झालं. बटण दाबलं. सुरू! एकटाच टाळ्या वाजवत होतो. कोणाला सांगावं म्हणून आजूबाजूला पाहिलंही.

संध्याकाळी मनाली – "झाला का चालू?"

तोंडातून निघालं, "नाही."

"असं कसं? ठीक आहे, उद्या पाहू."

उद्या!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काल मनालीनं बटणाएवढा सेल बदलायला लावला. आज तारा तपासल्या. व्हिडिओ नको म्हटलं; मी नुसता फोन कानाला लावून "हो, काढली", "हो, लावली" म्हणतो. मध्ये मध्ये ती बोलते. घरमालकीण कुजकट आहे. जेवायला रोज बाहेरून डबा मागवते. एकदा म्हणाली, "बाबा, आई वरणात चिंच टाकायची का आमसूल?" मला माहीत नव्हतं. तरी दोघं त्यावर पुष्कळ वेळ बोललो.

२१ सप्टेंबर, रविवार

कम्प्युटर बंद पडण्याची कारणं शोधत बसलो होतो. कम्प्युटरवर.

२४ सप्टेंबर, बुधवार

यादोराव न सांगता आत आले. "अरे! हा तं चालू हाये! मंग पोरीले काहून सांगून राहिले का बंद हाये म्हनून? आयकू येते आमच्या आंगनात."

काय सांगू? म्हटलं, "बंद आहे तोवर रोज फोन येतो."

ते खुर्चीत बसले. त्यांचा मुलगा अंकुश हैदराबादला असतो. निघताना दारात थांबले.

"लेखकसाहेब, फ्रिजमंदी असं काही बिघडवता येते का?"

२८ सप्टेंबर, रविवार

आज मनालीचा आवाज दमलेला. ऑफिसातून नुकती आली होती – रविवारी! तरी म्हणाली, "चला बाबा, पॉवर सप्लाय पाहू." मी म्हटलं, राहू दे आज. "नाही, तुमचं सदर अडलं आहे. अंगठ्यानं मोबाईलवर किती लिहाल? मले बरं वाटत नाही तुम्ही असा त्रास काढून राहिले तं."

दुसऱ्यांच्या ढोंगावर आजवर किती शाई सांडली! उद्या खरं सांगून टाकायचं. हसेल. हसेलच.

२९ सप्टेंबर, सोमवार

फोन नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

नाही. मी लावला. "मीटिंगमध्ये आहे बाबा, तुमचंच काम करून राहिली. पाहा तुम्ही!" ठेवला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कुरिअर आलं. नवा लॅपटॉप. सोबत मोबाईलवर तिचा मेसेज – "बाबा, त्या डब्याशी झगडणं आता बंद! याची तीन वर्षांची वॉरंटी घेतली. काही झालं तर कंपनीचा माणूस लाखनीत घरी येऊन दुरुस्त करते. आता मले विचारायची गरजच नाही!"

सुरू करून पाहिला. कुठंच काही बिघाड नाही.